वीस मिनिटं

लॉरेनच्या यादीत : दोन ते दोन वीस, फेतिये, फ्लिया.
मग खादिमचा दंबुरा.

फेतियेनं यादी पाहिलीच नाही.
परातीत पिठाच्या रेघा सोडल्या, पोरं सूर्य काढतात तशा,
वर निखाऱ्यांचं झाकण ठेवलं
आणि खुर्ची ओढून बसली.
‘आता?’ लॉरेननं माइकवर विचारलं.
‘आता थांबायचं.
हा एक थर. असे तीस.’

शेपार्टनचं मैदान हसलं.
निम्मे लोक सॉसेजच्या रांगेकडे वळले.
अग्निशमन दलाचा केविन तेवढा
पाण्याची बादली घेऊन उभा, द्वारपालासारखा.

खादिम पेअरच्या बागेतून थेट आलेला,
नखांत अजून चीक.
स्टेज एकच, माइकही एकच,
म्हणून चुलीशेजारीच बसला, दोन तारा लावल्या.
झाकण उचललं की खणखणाट.
आधी चिडून थांबायचा.
सातव्या थराला मात्र गाणंच अडलं,
तिच्या झाकणाची वाट बघत.

कांगोच्या बायका गाऊन गेल्या, टाळ्या गेल्या, ऊन गेलं.
एका पोरानं चारदा विचारलं, झालं का?
‘घाई असेल त्यानं पाव खावा,’
फेतिये म्हणाली, सायीचा ब्रश फिरवत.

खुर्च्या ट्रकमध्ये चढल्यावर ती उठली.
उरलो होतो अकरा जण.
सुरी सापडेना; हातानंच तोडलं.
पहिला तुकडा केविनला, बादलीसकट.
खादिमनं बोटं चाटली, मग तारा पुसल्या.

लॉरेनच्या गळ्यातलं घड्याळ
अजून मोजतच होतं.
तिच्या हनुवटीला साय.