खिद्रापूर, इथंच तर आहे

सुन्चनला शनिवार उजाडायचाच पाठीला सॅक लावून.
टर्मिनलवर जी गाडी आधी, ती आपली.
योसूचा समुद्र, बोसोंगचे चहाचे मळे,
एकदा तर नुसती वेतासारखी उंच गवतं बघायला चार तास.
पाट्या वाचता यायच्या मला, फडाफडा,
वाचून झाल्यावर कळायचं,
नुसतंच वाचलं.

दोन वर्षांत एकोणसत्तर सहली.
वहीत आहेत, तिकिटं डिंकानं चिकटवून.

वर्गात पोरांना 'व' काही जमेना.
वैजयंतीची झाली बाईजायंती.
तीस डोकी एकदम वाकायची, बाई म्हणायची,
काय म्हणतोय ते न कळता,
अगदी बरोबर.

शेजारच्या टेबलावरची बे उन्सुक
मला सोनामसाला घेऊन गेली.
दगडी कमानीचा पूल, खाली ओढा,
अर्धा गोल दगडाचा, अर्धा पाण्यातला.
फुटाण्यासारखे भडंग खात ती म्हणाली,
तुझ्या गावाजवळ काय?

अंबाबाई सांगून झाली होती. रंकाळा, पन्हाळाही.
म्हणून खिद्रापूर काढलं.
अठ्ठेचाळीस खांब, मधोमध छपराला गोल भोक,
त्यातून आभाळ.
ती थांबली. तिथं उभं राहिल्यावर कसं वाटतं?
आणि मी सुटलेच.
पायाला गार लागतं म्हणाले, पारवे घुमतात म्हणाले,
बोललं की आवाज फिरून आपल्याकडेच येतो म्हणाले.

मी खिद्रापूर पाहिलं होतं
बाबांच्या पतसंस्थेच्या कॅलेंडरवर, नोव्हेंबरच्या पानावर.
जायचं तीनदा ठरलेलं.
एकदा स्कूटर पंक्चर, एकदा मिरजेचे पाहुणे,
एकदा कृष्णेला पाणी.
मग कुणी ना कुणी म्हणायचं,
इथंच तर आहे. जाऊ की.

परत येऊन आठ महिन्यांनी, एका रविवारी,
सीबीएसवर उभी राहिले सॅक लावून.
कंडक्टरनं सॅककडं बघितलं. पाहुण्या काय?
शनिवार पेठ, मी म्हटलं.
त्यानं अर्धं तिकीट फाडलं.
मी नसताना बायकांचं अर्धं झालं होतं.
शेजारणीच्या मांडीवर नवा कुकर,
जयसिंगपूर यायच्या आत तो निम्मा माझ्या मांडीवर.
धरा जरा, म्हणाली, पोरीच्या घरी चाललाय.
तिकडं गाड्यांत कुणी बोलायचं नाही.
इथं कुरुंदवाडपर्यंत मला तिच्या जावयाचा
पगार कळला.

देवळाला दगडी हत्तींनी पाठीवर उचललंय,
हे कॅलेंडरात आलं नव्हतं.
पायाला गार नाही, चटका बसला.
पारवे होते. तेवढं खरं.
गोलाच्या बरोबर खाली उभी राहून
कुणी नाहीसं बघून मी हाक मारली, बाई.
आवाज फिरून आला नाही.
वर निघून गेला.

दारातल्या पोराला विचारलं, महादेवासमोर नंदी कसा नाही?
त्यो यडूरला असतोय, नदीपल्याड, कर्नाटकात.
परत यायचा नाही का?
त्याला काय, म्हणाला, तिकडं बरं चाललंय.

फोटो पाठवला उन्सुकला. तिकडं साडेतीन वाजले असतील.
खाली लिहिलं, तेव्हा खोटं बोलले होते,
आज पहिल्यांदा आले.
आवाज फिरून येत नाही.

बराच वेळ काही नाही.
मग एक हसणारं पिवळं तोंड, आणि
सोनामसाला मीसुद्धा
त्याच दिवशी पहिल्यांदा गेले होते.
घरापासून चाळीस मिनिटं.

परतीच्या गाडीत वही उघडली. पेन सापडेना.
तिकिटामागे कंडक्टरनं सात रुपये लिहिलेले,
ते मागायचे राहिले होते.
आता तो कुठल्या गाडीवर
कुणास ठाऊक.