नोव्हेंबरची इस्त्री

खडेबाजारच्या मागल्या बोळात माझं इस्त्रीचं दुकान हाय.
ऑक्टोबर सरत आला की गिऱ्हाईक बदलतंय.
सकाळी कुणीतरी लाल-पिवळ्या कापडाचा तागा टाकतंय,
'अण्णा, अर्जंट री.'
दुपारी येळ्ळूरचं पोरगं, काळ्या फितींचा गठ्ठा,
'मामा, एक तारखेच्या आत पायजेत.'
दोन्ही वेगवेगळ्या बादलीत भिजवतो मी.
राजकारण म्हणून न्हवं. लाल रंग सुटतोय.

नोव्हेंबर मला आधीपास्नं ठाऊक हाय.
सांबऱ्याच्या एजंटानं 'कुवेतात हॉटेलात काम' म्हणून नेलंतं.
गाडीतनं उतरलो तर चारी बाजूंनी वाळूच्या गोण्या
आणि मधे धुलाईची बारा मशिनं.
सहा वर्षं अमेरिकेच्या पलटणीची कापडं धुतली.
इंग्रजी माझी येस-नो पुरती,
पण मातीला भाषा लागत न्हाई.
गुडघ्याला चिखल म्हंजे रातचं कुणाच्या तरी घरात शिरलेत.
पाठीवर मीठ म्हंजे नुस्ता पहारा.
आणि कवाकवा जे असायचं त्याला थंड पाणी.
गरम लावलं की ते बसतंय.

एका वर्षी ऑक्टोबरात कापडं स्वच्छ यायला लागली.
सहा आठवडे. घामाशिवाय काही न्हाई.
मला वाटलं, मिटली लढाई.
जेवणघरातल्या टीव्हीवर एक माणूस
मक्याच्या शेतात उभा राहून हात हलवत होता,
'आमची पोरं, आमची पोरं,'
मग नकाशा, अर्धा निळा, अर्धा तांबडा.
आम्ही ज्या देशात उभे होतो
तो त्या नकाशात कुठंच नव्हता.

झाडलोट करणारा हैदर तिथलाच, नदीपलीकडच्या गावचा.
त्यो म्हंटला, 'त्यांचं मतदान जवळ आलं की
आमची लेकरं गच्चीवर झोपत्यात.
मत पडंपर्यंत तिकडं पेट्या उतरायला नकोत म्हणं.'

मतं पडली.
कोण जिंकलं मला कळलं न्हाई.
नवव्या दिवशी गुडघे आले.

हैदर त्या दिवशी आला न्हाई, नंतर बी न्हाई.
प्रुइट म्हणून एक सार्जंट होता, ओहायोचा,
त्याची घरी जायची तारीख तीनदा पुढं गेलेली,
तिन्ही बारीला टीव्हीवर कुणीतरी टाय नीट करत होतं.
टोकन चारशे सतरा.
दोन शर्ट, एक पँट, मोज्यांचे चार जोड.
घडी घालून फळीवर ठेवली.
महिनाभर कुणी आलं न्हाई.
मेला का सुटला,
ते विचारायचं माझ्या करारात नव्हतं.

परवा रात्री शटर ओढताना एक बस-ड्रायव्हर आला.
कुठल्या महामंडळाचा, ते सांगत न्हाई.
खाकी शर्टाला खांद्यापास्नं खाली काळं.
कोगनोळी नाक्यावर गाडी अडवलेली,
चार पोरं, एक डबा, एक मोबाईल शूटिंग करत.
'वळखीची हायत ओ,' म्हंटला,
'उन्हाळ्यात ह्याच गाडीतनं वऱ्हाड नेलंतं त्यांचं.'
मी विचारलं, निवडणूक हाय काय कुठली?
'हाय की. इकडं जिल्हा पंचायतीची,
तिकडं नगरपालिकेची बी.'
मी मान हलवली.
मग सवयीनं त्याचे गुडघे बघितले. स्वच्छ होते.

'जातोय काय डाग?'
रॉकेल चोळलं, करडा झाला. गेला न्हाई.
'परवा या,' म्हंटलं, आणि टोकनांचा डबा काढला.
माझ्या डब्यात चारशे सोळाच्या मागनं
चारशे अठरा हाय.
ड्रायव्हरनं बोटानं सरकवून मोजलं,
'मामा, एक हरवलंय तुमचं.'
होय, म्हंटलो.
लाइट गेली होती. कोळशाला फुंकर घातली.