शंभरात एकेचाळीस

कुडाळच्या लॅबमध्ये दुपारची वीज गेली की
इन्व्हर्टर घुमतो, आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावते.
आज काचेवर दाजी मेतरांच्या आतड्याचा तुकडा,
गुलाबी-जांभळा, नखाहून लहान.
सही मॅडमची. मोजणी माझी.
अस्तराच्या शंभर पेशींमागे
पंचवीस पहारेकरी पेशी चालतात.
एकेचाळीस.
डोळे चोळून पुन्हा मोजल्या. एकेचाळीस.

दाजी आमच्या वाडीतले.
रापणीच्या होडीत उभं राहून पंचा फिरवायचे.
पंचा दिसला की आम्ही वाळूत धावत सुटायचो,
पोरं, बाया, शाळेचा शिपाईसुद्धा,
दोरीला हात लावेल त्याला वाटा.
माझे मूठभर पेडवे, फ्रॉकच्या ओच्यात.
पंचा खाली आला की ज्याने त्याने घर गाठायचं,
किनारा पुन्हा कुर्ल्यांचा.

पोटातही अशीच बोलावणी असतात, मॅडम सांगतात.
तिथल्या हाकांना नावं नाहीत, नंबर आहेत.
सात नंबर जगवतो.
दहा नंबर म्हणतो, पुरे आता.
पंधरा नंबर म्हणतो, थांबा, कुणी जाऊ नका.
एवढासा रेणू, त्याला ना डोळे ना तोंड,
पण कुणी राहायचं नि कुणी मरायचं
ते त्याच्याच इशाऱ्यावर.

दाजींच्या आत पंचा फिरतोच आहे.
जाळ्यात मासा नाही,
नुसता गव्हाचा कण,
पहाटे सहाच्या चहात बुडवलेल्या पावातून आलेला.
त्याच्यासाठी ते धावत आले, येत राहिले,
परतायचं राहूनच गेलं,
मग रिकाम्या हातांनी आपलीच भिंत खणू लागले.
बोटांसारख्या झालरी उभ्या असायला हव्यात तिथे
ओहोटीनंतरची सपाट पुळण.

"मासो गावलो काय गो त्या नळीत?"
दाजी दारात. पट्टा तीन भोकं आत गेलेला.
खरं तर मी काही सांगायचं नसतं.
"मॅडम सांगतील," म्हटलं,
आणि तरी तोंडातून गेलंच,
"दाजी, पाव बंद करावा लागेल बहुतेक."
"पावाक काय ईख लागला?"
"ईख नाही. तुमचा पंचा खाली येत नाहीये."

ते माझ्याकडे बघत राहिले.
मग आपल्या उजव्या हाताकडे,
बराच वेळ.
बाहेर वेंगुर्ल्याची एसटी हॉर्न देत होती.
"आणि बटर?" त्यांनी विचारलं.
"बटर चलतत मां?"