बिंदू क्रमांक ३१२

कंपालातल्या संगणकाने डोळे मिटून
नकाशावर टाकलेला हा खडा.
तिथवर कमरेभर पाण्यातून;
पुढे इसाबिर्ये, पपायरस तोडत.

चौकट आखली. हातभर खड्डा.
माती काळी, सडक्या अंड्याच्या वासाची,
म्हणजे चांगली.
पण पलीकडे भाताचा बांध,
गेल्या खेपेला नव्हता,
आणि बांधाकडेचा चिखल तडकलेला.

चटयांसाठी दांडे कापणारी नांगोबी विचारते,
"काय झालंय हिला? ताप?"
फॉर्मवर तीनच घरं:
बरी, मध्यम, वाईट.

ती टाचेने चिखल दाबते. थांबते.
"खाली मासा झोपलाय.
हवा खातोय, पाण्याची वाट बघत.
तेवढं लिही."

मी पेन्सिल जिभेवर ओली करतो.
इसाबिर्ये हाक मारतो: चल,
अंधाराआधी ३१३.