काळं ते मळ नव्हे

ये, बस. टोपी काढ.
मे उजाडला तरी या शहरातली निम्मी पोरं
कपाळावर लोकर ओढून हिंडतात,
मला माहीत आहे कशासाठी.
बाचो ना तू? तुझ्या आईनं फोनवर तीनदा सांगितलं,
एतेरी, पोरगा तोंड धूत नाही.

खोटं आहे. तू फार धुतोस.
गाल बघ, कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटलाय.
कशानं घासलास?
अक्रोडाच्या टरफलाची पूड!
वांग्यात अक्रोड, पालकात अक्रोड,
द्राक्षाच्या रसात बुडवून टांगलेल्या माळांत अक्रोड,
आता तुझा चेहराही सुटला नाही त्यातून.
नाकाच्या हात धुवून मागे लागलास,
आणि नेमके हात तेवढे धुतले नाहीस.

दिव्याखाली सरक.
भिंगाचा दिवा गुणगुणतो, तिकडे लक्ष देऊ नकोस,
गेली पंधरा वर्षं गुणगुणतोय.

हे नाकावरचे काळे ठिपके.
मळ नाही हा. दिदुबेच्या गॅरेजमधलं ग्रीसही नाही,
म्हणजे ते चिकटून भर घालतं, पण मूळ ते नाही.
प्रत्येक छिद्राच्या तळाशी एक इवलासा घाणा आहे.
घाण नव्हे रे, घाणा.
तुझ्या वयात तो रात्रपाळीलाही चालतो.
तेल, आणि गळून पडलेल्या कातडीचा भुसा,
दोन्ही मिळून बूच बसतं.
दार उघडं राहिलं तर बुचाचा माथा हवेला लागतो
आणि काळवंडतो, चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा.
दार मिटलं तर आतल्या आत पांढरा राहतो.
हनुवटीवरचे हे, रव्याच्या कण्या.
भाऊच दोघे.
एकानं खिडकी उघडली, एवढंच.

तेव्हा तोंड काळं झालं
ते तू काही केलंस म्हणून नाही.
हे घरी सांग.
नको, मीच सांगते.

आणि दाबायचं नाही.
बोट आण. इथं, माझ्या हनुवटीवर. लागला खड्डा?
त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीला वीज नसायची.
रॉकेलच्या शेगडीला आरसा टेकवला,
एका हातात मेणबत्ती,
दुसऱ्या हाताची दोन नखं, एक पांढरा दाणा.
सकाळी मैत्रिणीचं लग्न होतं.
दाणा बाहेर आलाच नाही, आत फुटला.
फोटो आहेत अजून. एकातही मी समोर बघत नाही.
वीज पुढे आली.

लिही आता.
कोमट पाणी, सौम्य फेसवॉश, सकाळ-रात्र,
शिवाय गॅरेजमधून आलास की एकदा. घासायचं नाही.
रात्री तोंड कोरडं झालं की अ‍ॅडापलीन, वाटाण्याएवढं,
सबंध चेहऱ्याला पातळ. एकेका दाण्यावर टिकली नाही.
सुरुवातीला एक रात्र आड.
सकाळी सनस्क्रीन, तेलकट नसलेलं.
टूथपेस्ट दातांना.
उशीचा अभ्रा कधी बदलला होतास?
बरं. गप्प बसलास, समजलं.

पहिले काही आठवडे बिघडेल.
सोलेल, चुरचुरेल, तू मला शिव्या घालशील. घाल.
पण ट्यूब फेकू नकोस.
दहा आठवड्यांनी ये.

*

अकरा आठवड्यांनी आला. टोपी नव्हती.
चेहऱ्याबद्दल एक शब्द नाही,
सरळ दिव्याकडे गेला, प्लग काढला,
खिशातून पेचकस.
आतला कसलासा डबा सैल झाला होता म्हणाला.
चार आटे पिळले.

खोली एवढी शांत असते
हे मला ठाऊकच नव्हतं.

भिंगातून पाहिलं. गाल सपाट, हनुवटी बरी.
नाकावर सात काळे, उन्हाळ्याच्या माश्यांसारखे निवांत.
काढू का? त्यानं विचारलं.
मी लूपची चमची हातात घेतली होती,
ती परत ट्रेमध्ये ठेवली.

घाणा चालू आहे, म्हटलं.
चालू दे.