भाड्याच्या तीन लेन्स

बोस्त्यावबाब लेन्स देताना आधी वास घेतो.
झाकण काढतो, नाकाशी नेतो,
म्हणतो, बुरशी डोळ्याआधी नाकाला कळते.
आमच्याकडे पावसाळा काचेतसुद्धा शिरतो,
म्हणून त्याच्या कपाटात रात्रंदिवस
चाळीसचा एक बल्ब जळत असतो
आणि सगळ्या लेन्स त्याच्या उबेला बसलेल्या.

तीन घेतल्या. डिपॉझिट म्हणून आईची पाटली ठेवली,
आईला न सांगता.

बाबांचा फेरीवरचा शेवटचा दिवस.
एकतीस वर्षं रायबंदर–चोडण, चोडण–रायबंदर.
एकूण गाठलेलं अंतर : एक नदी.

आधी पंच्याऐंशीची लावली. हिचं तोंड मोठं,
ढगाळ सकाळीही उजेड ओंजळ भरून घेते,
चेहऱ्याशी अदबीनं वागते,
नाक नाकाएवढं, गाल गालाएवढे.
पापणी न् पापणी आली,
भुवईतला एकुलता पांढरा केस आला.
पण उजेडाची किंमत ती खोलीत वसूल करते :
कानापर्यंत पोचता पोचता धूसर,
खांद्यामागे तर सगळं लोणी.
बाबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं.
"म्हजी बोट खंय गेली?"
मी बोट ठेवून दाखवलं, ही काय, हा पिवळा डाग.
"एकतीस वर्सां हांवें डाग चलयलो?"

मग चोवीसची. हिच्या पोटात सगळं मावतं :
सुकाणू, गढूळ पाणी, काठची खारफुटी,
दोर फेकणारा साल्वादोर, अकरा स्कुटर,
सुंगटांची टोपली घेतलेली प्रेमावती.
पण जवळ गेलं की बाबांचं नाक भोपळा होतं,
सरळ रेलिंग कडेला धनुष्य होते,
आणि कोपऱ्यातल्या प्रेमावतीचा दंड
शेवग्याच्या शेंगेसारखा लांबतो.
(तिनं पाहिला. म्हणाली, पुसून टाक.)
मागे सरकले तर सगळे आपापल्या जागी नीट,
फक्त ज्याच्यासाठी आले तो माणूस
शोधावा लागतो.

रायबंदरला मी उतरले. बोट परत निघाली.
सत्तर-दोनशे म्हणजे दीड किलो,
खांद्याला रग, श्वास घेतला तरी चित्र हलतं.
पण ती लांबच्याला न लाजता बघते.
नदीच्या मध्यावर, कुणी पाहत नाही असं समजून
बाबांनी सुकाणू थोपटलं,
गाईची पाठ थोपटावी तसं, दोनदा.
मी बोटीवर असते तर
त्यांनी हात खिशात घातला असता.

मात्र हिनं मधलं पाणीच खाऊन टाकलं.
पलीकडचं चोडण त्यांच्या पाठीला येऊन चिकटलं,
दोन्ही काठ टेकले एकमेकांना.
पूल हवा म्हणणाऱ्यांना आवडेल हा फोटो :
मधे नदी नाहीच,
मग बोट कशाला?

सहाच्या आत लेन्स परत द्यायच्या होत्या.
फेरीधक्क्यावरच्या हॉटेलात चहा घेताना
बाबांनी पंच्याऐंशीची उचलली,
उलटी धरली, तळहातावर नेली.
घट्टा बराच मोठा दिसला असावा.
चहावर साय आली तरी बोलले नाहीत.
मग दुसरा हात पाहिला,
मग टेबलावरची एक मुंगी.
म्हणाले, ही बरी.
म्हटलं, अहो, ती याच्यासाठी नसते,
आणि काचेला अंगठा लावू नका.
तोवर लागला होता.

फ्रेम कुठल्या फोटोची करायची ते अजून ठरलेलं नाही.
आई म्हणते पहिला, साल्वादोर म्हणतो दुसरा,
कारण त्यात साल्वादोर आहे.

बोस्त्यावबाबानं झाकण काढलं, नाकाशी नेलं,
डोळे मिटून जरा थांबला.
"बुरशी ना," म्हणाला. "डिझेल."
आणि पाटली परत केली,
पुसण्याचे वीस रुपये घेऊन.