लोटन फिटरची शिडी

बावन्न सालचा जानेवारी, दादर हुरड्यात आलेली.
माझ्या हातात गेरूचा डबा
आणि लोटन फिटरच्या हातात चावून केलेला काडीचा ब्रश.
दोन उभ्या रेघा, सात आडव्या:
बेटावदच्या भिंतीभिंतीला आम्ही शिडी टेकवली.
जिनिंगच्या फाटकाला, चावडीच्या मागच्या अंगाला,
एक तर माझ्या मामाच्या गोठ्याला.
मामा बैलजोडीवाला. आठ दिवस बोलला नाही.

निशाणी त्याने मागितली नव्हती.
मागितला होता कंदील, तो दुसऱ्या अपक्षाने आधीच नेलेला.
'शिडी तर शिडी,' म्हणाला, 'चढता तरी येतं.'
अनामतीच्या अडीचशेपायी
बायकोची पुतळ्यांची माळ दोंडाईच्याच्या सराफाकडे.

मतदान शाळेत. फळ्यावर कालचं गणित तसंच.
पडद्याआड पाच पेट्या, पाच चित्रं.
कारकून धुळ्याचा, टोपी सारखी करत विचारी,
'बाई, नाव काय तुमचं?'
भिलाटीतली म्हातारी गप्प.
सगळं गाव तिला सुपडूनी माय म्हणे,
नाव होतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.
तिने पदर ओढला आणि भिंतीला सांगितलं:
'हारकाबाई.'
शाईच्या बोटावर फुंकर घालत बाहेर आली,
चुलीवर भाजल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी भुसावळ पॅसेंजरने निकाल आणला.
बैलजोडी अकरा हजार काहीशे.
शिडी चारशे सहा.
अनामत जप्त.
शिडीच्या पेटीत मतांखाली म्हणे
तांब्याचा एक पैसा निघाला, चिमूटभर कुंकू,
आणि एक विडी, न पेटवलेली.
ते कुठल्या रकान्यात धरलं, कळलं नाही.

निवडून आलेले साहेब जीपमधून एकदा आले.
हार झाले, शेव-जिलबी झाली,
पांझरेवर पूल बांधू म्हणाले.
लोटन त्या दिवशी जिनात. पट्टा तुटला होता.

होळीच्या आधी एका सकाळी
हारकाबाई त्याच्या दारात उभी.
'मत दिन्हं तुले. आते शिडी दे.'
तो हसला. ती हसली नाही.
छपरावरचं गवत वानरांनी उपसलं होतं
आणि चारशे सहांतली एक ती होती.
त्याने समजावून पाहिलं: निशाणी म्हणजे काय,
पेटी म्हणजे काय, विधानसभा कुठे असते.
ती उंबऱ्याशी बसून राहिली,
मध्ये एकदा पाणी मागून प्याली.
दुपारी त्याने बांबू तासायला घेतले.
सात पायऱ्या, काथ्याने आवळलेल्या.
एक टोक मी धरलं. भिलाटीपर्यंत
पोरं मागे ओरडत आली, प्रचारातल्यासारखीच.

गेरूच्या शिड्या पावसाळ्याने पुसल्या,
मामाच्या गोठ्यावरची राहिली.
सत्तावन्नला लोक त्याला उभं राहा म्हणून सांगायला आले.
म्हणाला, मागचं एक काम अजून बाकी आहे.

होतंही. हारकाबाई बाजारात दिसली
की लांबूनच हात वर करी:
'लोटनभाऊ, पाचवी पायरी ढिली शे!'